सत्कारापलीकडचा सैनिक

एखादा वयोवृद्ध माजी सैनिक जातो, तेव्हा त्याच्यावरच्या मृत्युलेखाची मांडणी बहुधा ठरलेली असते. लढाई कोणती, तुकडी कोणती, पदक कधी आणि कशासाठी मिळाले, हे सविस्तर येते. आणि त्यानंतर तो जगलेल्या चाळीस-पन्नास वर्षांची बोळवण ‘निवृत्तीनंतर त्यांनी समाजसेवा केली’ अशा एका वाक्यात होते. जिवंतपणीही त्याची गत फारशी वेगळी नसते. वर्षातून एकदोनदा त्याला व्यासपीठावर बसवले जाते, शाल-श्रीफळ दिले जाते, आणि तो ज्या कामात रोज झिजत असतो त्याची चौकशी करण्याची गरज कोणालाच भासत नाही.

यात त्या व्यक्तीवर अन्याय होतो हे तर खरेच, पण त्याहून मोठे नुकसान समाजाचे होते असे मला वाटते. माजी सैनिकाचे नागरी काम ही त्याच्या पराक्रमाची पुरवणी आहे, असे एकदा मानले की त्या कामासाठी त्याला साधने आणि अधिकार देण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही, आणि ते काम बरोबर चालले आहे का हे विचारणे तर उद्धटपणाचेच ठरते. माझे म्हणणे असे की, ते काम इतर कोणत्याही सार्वजनिक कामासारखेच मानले पाहिजे. त्याला हक्काची जागा हवी, पैसा हवा, आणि ज्यांच्यासाठी ते चालते त्यांना त्याच्याविषयी बोलण्याची पूर्ण मुभा हवी.

लिओनार्ड चेशायर यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक म्हणून त्यांनी शंभराहून अधिक बॉम्बफेकी मोहिमा केल्या. १९४४ मध्ये त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्यसन्मान एखाद्या प्रसंगातल्या धाडसासाठी नव्हता. चार वर्षांच्या सलग कामगिरीसाठी होता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते एका विमानात होते आणि तो स्फोट त्यांनी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. १९४६ मध्ये ते हवाई दलातून बाहेर पडले आणि १९९२ मध्ये वारले. म्हणजे युद्धाची सहा वर्षे आणि त्यानंतरची सेहेचाळीस.

या सेहेचाळीस वर्षांची सुरुवात अपयशाने झाली. युद्धावरून परतलेल्या माणसांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी एकत्र राहावे, एकत्र कष्ट करावेत, अशी एक वसाहत त्यांनी हॅम्पशायरमधल्या ‘ले कोर्ट’ या जुन्या वाड्यात उभारू पाहिली. ती मोडली, कर्ज तेवढे मागे राहिले. अशा अवस्थेत १९४८ मध्ये एका रुग्णालयाकडून त्यांना कळले की, वसाहतीत पूर्वी राहिलेला एक माणूस कर्करोगाने मरणपंथाला लागला आहे, रुग्णालयाला त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरलेले नाही आणि त्याला जायला दुसरे ठिकाण नाही. चेशायर यांनी त्याला त्या रिकाम्या वाड्यात आणले. परिचारिका ठेवायला पैसे नव्हते, म्हणून शुश्रूषा त्यांनी स्वतःच केली. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, कूस बदलून देणे, मलमूत्राचे भांडे धुणे, रात्री उठून बघणे, एवढेच ते काम. बॉम्बफेकी विमानांच्या एका नामांकित स्क्वाड्रनचे नेतृत्व केलेला माणूस एका खोलीत एका मरणाऱ्या माणसापाशी बसून होता आणि त्यात कोणाला दिसण्यासारखे काहीच नव्हते. त्याच सुमारास अंथरुणाला खिळलेली एक वृद्धा तिथे आली, मग आणखी कोणी आले. अपंग आणि असाध्य आजाराच्या माणसांसाठी असलेली चेशायर निवासगृहे अशी सुरू झाली आणि त्यांच्या हयातीतच चाळीसहून अधिक देशांत पोहोचली. भारतातले पहिले घर पन्नासच्या दशकात मुंबईत सुरू झाले. पुढे डेहराडूनला त्यांनी आणि ब्रिटिश समाजसेविका स्यू रायडर यांनी मिळून राफेल हे केंद्र काढले. या दोघांचा विवाहही १९५९ मध्ये मुंबईतच झाला होता.

इथपर्यंतची हकिगत सत्काराच्या भाषणात सहज बसते. त्यापुढची बसत नाही, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. पॉल हंट नावाचा, स्नायूंच्या विकाराने चाकाच्या खुर्चीत असलेला एक तरुण पन्नासच्या दशकात ले कोर्टमध्ये राहायला आला. तिथल्या रहिवाशांनी हळूहळू असे विचारायला सुरुवात केली की, आम्ही कधी उठायचे, कधी झोपायचे, कोणाला भेटायचे, हे दुसऱ्यांनी का ठरवावे? घराच्या कारभारात आमचे मत का नसावे? १९७२ मध्ये हंट यांनी एका वृत्तपत्रात पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने अशी भूमिका मांडली की, माणसाला अपंग करते ते त्याच्या शरीरातले व्यंग नसून त्याला बाहेर ठेवणारी समाजाची रचना आहे, आणि निवासगृहे ही त्या बाहेर ठेवण्याचाच एक प्रकार आहेत. जगभरातल्या अपंग हक्क चळवळीवर या विचाराचा खोल परिणाम झाला.

म्हणजे एका युद्धवीराने करुणेपोटी उभारलेल्या घरातच त्या करुणेची सर्वांत कठोर चिकित्सा जन्माला आली. यामुळे चेशायर लहान होतात असे मला मुळीच वाटत नाही. १९४८ मध्ये त्या मरणाऱ्या माणसाला खोली हवी होती आणि ती त्यांनी दिली. १९७२ मध्ये हंट यांना स्वतःच्या आयुष्यावर अधिकार हवा होता आणि त्यांनी तो मागितला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र, ‘एवढा मोठा माणूस, त्याच्या कामाविषयी असे बोलायचे?’ असे म्हणून त्या रहिवाशांना गप्प बसवले गेले असते, तर सेवा तिथेच थिजली असती. ज्याची सेवा होते, त्याचा आवाज सेवेइतकाच मोलाचा असतो, हे वीरपूजेच्या वातावरणात सर्वांत आधी विसरले जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न राळेगणसिद्धीच्या रूपाने आपल्यासमोर गेली पन्नास वर्षे आहे. अण्णा हजारे लष्करात वाहनचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण क्षेत्रात सोबतचे जवान मारले गेले आणि ते वाचले. उरलेले आयुष्य इतरांसाठी वापरायचे हा निश्चय त्यातून आल्याचे त्यांनी वारंवार सांगितले आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला ते पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. पाऊस कमी, शेती कोरडवाहू आणि दारूच्या भट्ट्या जोरात, अशी त्या गावाची स्थिती होती. आपल्या पुंजीतून त्यांनी यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि मग गाव श्रमदानाला उतरले. पाझर तलावाची दुरुस्ती, नालाबांध, समतल चर, वृक्षलागवड, चराईबंदी यांतून विहिरींना पाणी आले आणि पाणलोट विकासाचे ते देशभर दाखवले जाणारे उदाहरण ठरले. हे यश कोणीही नाकारू नये.

त्याच गावात दारू सोडत नसलेल्या माणसांना मंदिराच्या खांबाला बांधून फटके मारले गेले, हेही जगजाहीर आहे आणि हजारे यांनी ते कधी लपवलेले नाही. गावाच्या भल्यासाठी ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करण्याची प्रथा तिथे दीर्घकाळ चालली. आता यातले पाणी तेवढे घ्यायचे आणि फटके विसरायचे, किंवा फटक्यांवर बोट ठेवून पाणी नाकारायचे, या दोन्ही वाटा सोप्या आहेत. मला असे दिसते की, दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून आल्या. दिलेले काम तडीस नेणे, सोबत्यांना कामाला लावणे, गैरसोयीची तक्रार न करणे हे लष्कर शिकवते. आणि हुकूम निघाला की चर्चा संपली, हेही लष्करच शिकवते. तुकडीत या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून असतात. गावात तसे चालत नाही, कारण गावातला माणूस हाताखालचा शिपाई नसतो. तो मत देणारा, विरोध करण्याचा हक्क असलेला नागरिक असतो. माजी सैनिकाला हे आपोआप उमगेल अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे. ते त्याला सांगणारी, वेळप्रसंगी अडवणारी संस्था आणि माणसे भोवती असली पाहिजेत.

‘सैन्यात गेला की माणूस घडतो, म्हणून तो पुढे सेवा करतो’ हा समज आपल्याकडे इतका रुळलेला आहे की, त्यावर थोडे थांबले पाहिजे. युद्धातून परतलेल्यांपैकी अगणित माणसे रात्री दचकून जागी होतात, दारूकडे वळतात, घरच्यांशी बोलेनाशी होतात. कित्येक फक्त शांतपणे जगू पाहतात. त्यांच्याकडून सेवेची अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. सेवा करणारा तो खरा सैनिक आणि बाकीचे वाया गेलेले, अशी वर्गवारी तर क्रूर आहे. आणि ज्यांनी सेवा केली त्यांनीही ती युद्धाचे गोडवे गात केली असे दिसत नाही.

बेंजामिन फेरेन्झ यांनी तर उरलेले सगळे आयुष्य युद्धाच्याच विरोधात वेचले. अमेरिकी सैन्यात विमानविरोधी तोफखान्यात साधा शिपाई म्हणून दाखल झालेला हा कायद्याचा पदवीधर नॉर्मंडीनंतरच्या लढाईत होता, आणि युद्धाच्या शेवटी नाझी छळछावण्यांतून पुरावे गोळा करण्याचे काम त्याच्याकडे आले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी न्युरेंबर्ग येथे, दहा लाखांहून अधिक माणसांना ठार करणाऱ्या पथकांच्या अधिकाऱ्यांविरुद्ध त्यांनी मुख्य अभियोक्ता म्हणून खटला चालवला. न्यायालयासमोर उभ्या राहिलेल्या बावीसच्या बावीस आरोपींवर दोष सिद्ध झाला. पुढची दशके त्यांनी वाचलेल्यांना मालमत्ता आणि भरपाई मिळवून देण्यात, आणि मग कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय असावे यासाठी लिहिण्या-बोलण्यात घालवली. १९९८ मध्ये रोम येथे त्याचा करार झाला, २००२ मध्ये न्यायालय अस्तित्वात आले आणि २०११ मध्ये त्याच्या पहिल्या खटल्यात, मुलांना हाती शस्त्रे देऊन लढायला लावणाऱ्या काँगोमधल्या एका सशस्त्र नेत्याविरुद्ध, अभियोग पक्षाच्या समारोपाच्या युक्तिवादात एक्क्याण्णव वर्षांचे फेरेन्झ बोलले. ते १०३ वर्षे जगले आणि २०२३ मध्ये वारले. ज्या देशाच्या गणवेशात ते लढले, तो देश त्या न्यायालयाचा सदस्य आजही झालेला नाही.

समाजाला आवडणारी सेवा कोणती आणि न आवडणारी कोणती, हा प्रश्न इथून सुरू होतो. झाडे लावणारा, रक्तदान शिबिरे भरवणारा, शाळेत कवायत शिकवणारा माजी सैनिक सर्वांना हवा असतो. तोच सैनिक ‘ज्या देशासाठी मी लढलो त्यात माझे स्थान काय?’ असे विचारू लागला की टाळ्या थांबतात. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन कोकणात आले. अस्पृश्यतेला आधार कोणता, हा प्रश्न त्यांनी १८८८ मध्ये छापील पत्रकातून उच्चवर्णीयांपुढे जाहीरपणे ठेवला. अस्पृश्यांची सैन्यभरती बंद झाल्यावर सरकारकडे अर्ज केला. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला इतर सभासदांनी विरोध केला. सैन्याने ज्याला हवालदार केले, त्याला गावच्या सभेत खुर्ची द्यायला समाज तयार नव्हता. आज आपण ज्याला समाजसेवा म्हणतो, तिच्यापेक्षा वलंगकरांचे काम मला अधिक मूलगामी वाटते, आणि तरीही माजी सैनिकांच्या गौरवाच्या भाषणात त्यांचे नाव मी कधी ऐकलेले नाही.

सहा दशकांनंतर अमेरिकेत तेच घडले. मेडगर एव्हर्स दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिक म्हणून सेवा करून मिसिसिपीला परतले आणि १९४६ मध्ये मत द्यायला गेले, तेव्हा शस्त्रधारी गोऱ्या जमावाने त्यांना परत पाठवले. पुढे कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या आणि शिक्षणाच्या हक्कांसाठी ते गावोगाव फिरले. १२ जून १९६३ रोजी घराच्या दारात त्यांना गोळी घालण्यात आली, वय सदतीस. त्यानंतर अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे लष्करी इतमामात दफन झाले. माजी सैनिकाच्या दीर्घायुष्याचे कौतुक करताना कोणाला ते जगू दिले गेले, हेही पाहिले पाहिजे.

आणखी एक धोका प्रेमाच्या पोटी येतो. एप्रिल २०२० मध्ये, म्यानमारच्या आघाडीवर लढलेले कॅप्टन टॉम मूर नव्व्याण्णवाव्या वर्षी चालण्याच्या आधाराने आपल्या बागेत पंचवीस मीटरच्या शंभर फेऱ्या मारू लागले. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला मदत करणाऱ्या संस्थांसाठी एक हजार पौंड जमवावेत, एवढाच हेतू होता. जमले तीन कोटी वीस लाखांहून अधिक. टाळेबंदीत घाबरलेल्या लाखो लोकांना त्यांनी धीर दिला, आणि तो खराखुरा होता. पण करातून चालणाऱ्या आरोग्यसेवेतल्या माणसांच्या मदतीसाठी शंभरीला टेकलेल्या वृद्धाने फेऱ्या माराव्यात, याबद्दल गहिवरण्याबरोबर अस्वस्थही व्हायला हवे होते. त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या स्वतंत्र प्रतिष्ठानाच्या कारभारावर, त्या मूळ निधीशी संबंध नसला तरी, ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०२४ मध्ये गंभीर ठपका ठेवला. तोवर मूर हयात नव्हते. एका प्रामाणिक माणसाच्या पुण्याईवर सगळे सोपवले की हिशेब विचारणारे कोणी उरत नाही, याचा हा अलीकडचा दाखला.

मग करायचे काय? याचे उत्तर आपल्याच देशात आहे, फक्त त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन गढवालच्या माजी सैनिकांमधून उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीच्या डोंगरांची हाडे उघडी पडली होती, माती वाहून गेली होती, झरे आटले होते. निवृत्तीवेतन घेऊन घरी बसू शकणारी ही माणसे पुन्हा गणवेशात, आपल्याच मुलखात, पगारी कामावर रुजू झाली. मुरमाड उतारावर खड्डे खणायचे, खालून माती आणून भरायची, दगडी बांध घालायचे, रोप लावायचे, आणि पुढची काही वर्षे ते गुरांपासून व वणव्यापासून राखायचे. झाड लावण्याचा समारंभ कोणीही करतो. झाड जगवायला मात्र रोज त्या डोंगरावर चढणारी माणसे लागतात. त्याच धर्तीवर २०१७ मध्ये मराठवाड्यासाठी महार रेजिमेंटशी जोडलेली बटालियन आली. या रचनेत कोणाच्या संतपणावर भिस्त नाही. कामाला मुदत आहे, वेतन आहे, वरिष्ठ आहे, आणि किती रोपे जगली हे मोजता येते.

अमेरिकेने १९४४ च्या कायद्याने हेच अधिक व्यापक पातळीवर केले. परतलेल्या सैनिकांना शिक्षणाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च मिळाला आणि सुमारे अठ्ठ्याहत्तर लाख जणांनी त्याचा लाभ घेतला. त्यातून शिक्षक, अभियंते, डॉक्टर तयार झाले. समाजाची सेवा त्यांनी आपापल्या व्यवसायातून केली. स्थानिक यंत्रणांच्या हाती अंमलबजावणी दिल्यामुळे कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र त्यातले फार थोडे मिळाले, हा त्या कायद्यावरचा डाग आहे. जागा निर्माण करताना ती कोणाला नाकारली जाते यावर लक्ष ठेवावेच लागते.

अधिकाराची जागा मिळाली तर काय होते हे मेजर जनरल इयान कार्डोझो यांच्या आयुष्यात दिसते. १९७१ च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही माहीत असते. कृत्रिम पायानिशी बटालियनचे नेतृत्व करण्यासाठी त्यांना लष्कराशीच झगडावे लागले आणि निवृत्तीनंतर ते भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्ष झाले, हे किती जणांना ठाऊक आहे? अपंगांसोबत काम करणाऱ्या तज्ज्ञांचे शिक्षण आणि नोंदणी ही परिषद ठरवते. खुकरीची गोष्ट काही क्षणांची आहे. परिषदेतल्या कामाचा संबंध देशभरातल्या अपंग मुलांच्या शिक्षकांशी आहे.

हा विषय आज तातडीचा होण्याचे कारण अग्निपथ योजना आहे. २०२२ मध्ये आलेल्या या योजनेनुसार चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर सैन्यात कायम होतील. बाकीचे ऐन पंचविशीत, निवृत्तीवेतनाशिवाय, एकरकमी निधी घेऊन बाहेर पडतील. आजवरचा जवान पस्तिशी-चाळिशीत परतत होता आणि त्याच्या हाती निवृत्तीवेतन होते, तरीही सुरक्षारक्षकाच्या नोकरीपलीकडे आपण त्याला फारसे काही देऊ शकलो नाही. आता येणाऱ्या तरुणांपुढे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य असेल. पोलीस आणि निमलष्करी दलांतल्या राखीव जागांची चर्चा होते, ती आवश्यक आहे; पण बंदुकीशी संबंधित कामापलीकडे त्यांचा उपयोगच नाही असे मानून आपण पुन्हा तीच चूक करत आहोत.

बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. त्याचे काम दाखले, शिष्यवृत्त्या आणि निवृत्तीवेतनाच्या तक्रारी यांपुरते राहण्याऐवजी, जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या, आपत्ती निवारणाच्या, वणवा रोखण्याच्या, अपंग पुनर्वसनाच्या कामांत माजी सैनिकांसाठी वेतनाच्या आणि ठरावीक मुदतीच्या जागा काढण्याचे अधिकार त्याला द्यावेत. रुजू होण्यापूर्वी त्यांना त्या विषयाचे आणि पंचायत कायद्याचे रीतसर शिक्षण मिळावे. मानसिक आघाताच्या उपचाराची सोय त्याच कार्यालयात, नाव गुप्त राखून व्हावी, आणि ज्यांना काहीच करायचे नाही त्यांना कोणी त्याचे कारण विचारू नये. कामाचा हिशेब वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे ठेवला जावा. त्या सभेत त्या सैनिकाच्या पदकांचा उल्लेख झाला नाही तरी चालेल, पण त्याच्या बांधात पाणी किती अडले आणि कोणाच्या विहिरीला ते पोहोचले नाही, हे विचारायला ज्याची विहीर कोरडी राहिली त्या शेतकऱ्याला आधी बोलू द्यावे.